सिस्टरांच्या खोलीचा पडदा

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय; व्यासपीठावर बसलेले शस्त्रक्रिया विभागाचे डॉक्टरसाहेब; मेट्रनबाई; आजच्या सत्काराच्या मानकरी असूनही मघापासून खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेल्या आमच्या सिस्टर; सर्व डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातले मामा आणि मावश्या; आमच्या पिशवी मंडळातले माझे सोबती; आणि खरं तर कुणाला तरी भेटायला आलेले, पण चहा आहे असं कळल्यामुळे इथे येऊन बसलेले सर्व बंधू-भगिनींनो,

निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘मास्तर’ म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं-तिघं सावरून बसले. घाबरू नका. मी शाळेतला मास्तर नव्हे, टेलर मास्तर. बाजारात आमचं दुकान आहे, माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं. या सभागृहातले बरेच कोट आमच्या टेबलावरून गेलेले आहेत. अध्यक्ष महोदय, तुमचा डावा खांदा अजून किंचित उतरतो, पण तो कोटाचा दोष नाही, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं.

आज बोलायचं होतं आमच्या मंडळातल्या पोस्टमननं. त्याचा आवाज खणखणीत आहे आणि त्याला थांबवलं नाही तर तो गातोसुद्धा. पण काल मी त्याच्या घरी गेलो आणि अक्षरशः हातापाया पडून ही संधी मागून घेतली. मला भाषणाची हौस नाही.   तरी ही संधी का मागितली, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, एक मुलगी बसली आहे. कृपया मागे वळून बघू नका.

बघितलंतच. असो. आता पुढे बघा.

ती माझी मुलगी. परवा सोमवारी डॉक्टरसाहेब तिचं ऑपरेशन करणार आहेत आणि ती नाही म्हणते आहे. दुखणं आमच्या घरातलंच. वडिलांकडून मला आलं, माझ्याकडून तिला. आतड्यात लहान लहान गाठींचे घोस धरतात आणि आज ना उद्या त्यातली एखादी बिघडते. तिची बिघडायला लागली आहे. मोठं आतडं काढायचं, पोटावर एक छोटंसं तोंड ठेवायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. ती आयुष्यभरासाठी. माझं हेच झालं. तिनं आम्हाला स्पष्ट सांगितलंय, मरेन पण ती पिशवी लावून घेणार नाही. आम्ही समजावलं, रडलो, ओरडलो. तिच्या आईनं जेवण सोडून पाहिलं. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, तिच्यापुढे हात जोडले. ती म्हणाली, “काका, हात जोडू नका, मला लाज वाटते.” पण हो म्हणाली नाही.

आज ती आली आहे ती फक्त सिस्टरांसाठी. घरातून निघताना माझ्याकडून कबूल करून घेतलं, की माझ्या ऑपरेशनचं एक अक्षर काढायचं नाही, काढलंत तर मी उठून जाईन. आता मी अक्षर काढलं. ती अजून बसलेली आहे. म्हणजे मला थोडा वेळ आहे.

वेळ सिस्टरांनाही थोडाच आहे. त्यांची नोकरी आज संध्याकाळी संपते. त्यांच्या खोलीची किल्ली त्यांना आजच ऑफिसात जमा करायची आहे. त्यांच्या जागेवर कुणी येणार नाही. त्या खोलीत मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवणार आहेत, असं वॉर्डातल्या मामांकडून कळतं. अधीक्षक महोदय, ही तक्रार नव्हे. निरोपाच्या दिवशी कुणी तक्रार करत नाही, एवढी रीत मला कळते. मी फक्त परिस्थिती सांगतो आहे. सोमवारी सकाळी माझ्या मुलीच्या पोटावर खूण करायला या इमारतीत कोणी असणार नाही, ही परिस्थिती आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोटावर ते तोंड कुठे ठेवायचं, हे ऑपरेशनच्या आधी ठरवावं लागतं. सिस्टर तुम्हाला त्या खोलीत नेतात, पडदा ओढतात आणि मग म्हणतात, बसा. उभे राहा. वाका. चपलेचा पट्टा लावल्यासारखं करा. पोटाला घडी कुठे पडते, कमरपट्टी कुठे येते, तुमची नजर खाली कुठपर्यंत पोचते, हे सगळं त्या बघतात. ती जागा तुमची तुम्हाला दिसली पाहिजे, नाही तर पिशवी बदलायची कशी? मग त्या एक ठिपका काढतात. शाईचा, साधा. लोक विचारतात, त्यात काय एवढं? मी विचारतो, कुठल्या शिंप्यानं गिऱ्हाइकाला टेबलावर आडवं पाडून पँटचं माप घेतलंय? आडवं झाल्यावर प्रत्येकाचं पोट शहाण्यासारखं सपाट दिसतं. खरं पोट बसल्यावर कळतं.

माझ्या वेळी सिस्टरांनी तो ठिपका काढला होता. बेंबीच्या उजवीकडे, थोडा खाली, अगदी चोख जागी. आणि मग त्या सुट्टीवर गेल्या. त्यांच्या घरीही आजारपण होतं.

दादा, तू तिसऱ्या रांगेत आहेस, मला दिसतोयस. मी हे सांगणार आहे. तूच सकाळी म्हणालास, सांग, सगळं सांग, पोरीला कळू दे. आता मान खाली घालू नकोस.

आमच्या वडिलांची दुकानात एक सक्त ताकीद होती. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात जाताना त्यावर खडूची एक रेघ दिसता कामा नये. कापताना हव्या तेवढ्या खुणा करा, पण देताना कपडा कोरा हवा. खडूची खूण राहिली तर वडील तो कपडा आमच्या अंगावर फेकायचे. त्यामुळे दुकानात डाग काढण्यात दादाचा हात धरणारा कोणी नाही. शाई असो, वंगण असो, लिपस्टिक असो. त्याच्याकडे त्याची म्हणून एक बाटली असते, त्यात काय असतं ते मलाही सांगत नाही. तर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात सांगितलं, पेशंटला स्वच्छ आंघोळ घाला. दादानं मला आंघोळ घातली. त्याला पोटावर शाईचा डाग दिसला. साबणानं जाईना. मी गुंगीच्या औषधानं अर्धवट झोपेत होतो. माझा भाऊ रिक्षा करून दुकानात गेला, बाटली घेऊन आला आणि तो डाग असा काढला, की त्वचेवर सावलीसुद्धा उरली नाही. आपला भाऊ उद्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या समोर जाणार, तो डागाळलेला जाऊ नये. प्रेमच होतं हो ते. दुसरं काय होतं?

सकाळी टेबलावर कोणालाच खूण दिसली नाही. सिस्टर सुट्टीवर गेल्या, राहून गेलं असेल, असं वाटलं. तेव्हाचे सर्जन आता इथे नाहीत, त्यांनी त्यांच्या परीनं बरोबर वाटली ती जागा धरली. आडव्या पोटावर.

सिस्टर सुट्टीवरून परत आल्या, माझी चादर बाजूला केली आणि विचारलं, “माझी खूण कोणी पुसली?” दादा छाती पुढे काढून म्हणाला, “मी. ठिपकासुद्धा राहू दिला नाही.”  सिस्टर माझ्या पायाशी पलंगावर बसल्या. सिस्टर ड्यूटीवर असताना पलंगावर बसतात हे मी त्यानंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

हसलात, ते बरं केलंत. आम्हीही आता हसतो. तेव्हा हसलो नव्हतो.

ती जागा नेमकी पोटाच्या घडीत आली होती. मी उभा राहिलो की ठीक, बसलो की पिशवीची कड उचलायची. आणि शिंप्याचं सगळं आयुष्य मशीनवर बसण्यात जातं. कड उचलली की आतलं बाहेर. सभ्य शब्द मला सापडत नाही, तुम्ही समजून घ्या. पँट, खुर्ची, एकदा तर एका नवरदेवाच्या सुटाचं अस्तर. कातडी सोलून निघाली होती. ती जागा मला नुसत्या डोळ्यांनी दिसायचीसुद्धा नाही, ट्रायलच्या आरशासमोर उभं राहून बघावं लागायचं. ज्या आरशात गिऱ्हाइकं स्वतःला न्याहाळून खूश होतात, त्याच आरशात. मी खाणं कमी केलं. नुसतं कमी नाही, जवळजवळ बंदच. पोटात काही गेलं नाही तर बाहेर काय येणार, असा माझा हिशेब. दुकान ते घर, तेवढा रस्तासुद्धा मला नको झाला. मी दुकानाच्या माळ्यावर झोपायला लागलो. मी वॉर्डातून निघताना सिस्टरांनी दहादा बजावलं होतं, माझ्याकडे या. मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? आणि दादा तर रुग्णालयाच्या रस्त्यानंही जाईना.

माझी मुलगी तेव्हा लहान होती. शाळा सुटली की दुकानात यायची आणि बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसायची. तिला आम्ही बटणच म्हणायचो. एके दिवशी एक जुने गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आले. मी त्यांच्या पाठीवर टाचण्या लावत होतो. त्यांनी नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाले, “मास्तर, दुकानात काहीतरी मेलंय.”

 दादा मशीनवरून उठला आणि तसाच उभा राहिला. आणि ही, बटणांच्या डब्यापाशी बसलेली, डोकं वर न करता त्यांना म्हणाली, “उंदीर मेलाय काका. बाबा आज काढणार आहेत.”

तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला सगळं कळत होतं, कधीपासून ते मला माहीत नाही. मी त्या दिवशी माळ्यावर गेलो तो खाली उतरायचं नाही असं ठरवूनच. जिना चढतानाचं माझं मन मी इथे सांगणार नाही, व्यासपीठावर सांगण्यासारखं ते नाही. एवढंच सांगतो, की परत खाली यायची इच्छा उरली नव्हती.

तुम्ही विचाराल, मास्तर, हे निरोपाचं भाषण आहे ना? आहे. इथेच सिस्टर येतात.

माझी बायको मला न सांगता सिस्टरांकडे जाऊन आली. काय बोलली ते दोघींनी आजवर सांगितलेलं नाही. दोन दिवसांनी सिस्टर दुकानात आल्या. गणवेशात नाही, साध्या कपड्यांत, हातात पिशवी. आमची नव्हे, बाजाराची. त्यांनी माझ्या तब्येतीचं नावसुद्धा काढलं नाही. वर माळ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, “मास्तर, माझ्या खोलीला पडदा शिवायचाय. बाहेरून काही दिसता कामा नये. आणि माप मी आणणार नाही, माझ्या मापावर माझा विश्वास नाही. माप घ्यायला तुम्हालाच यावं लागेल.”

दादा पुढे होऊन म्हणाला, “मी येतो ना.” त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही नको.”

शिंप्यानं माप घ्यायला नाही म्हणायचं कसं? सांगा तुम्ही. मरायला टेकलेला शिंपीसुद्धा टेप घेऊन उठेल. मी जुन्या टॉवेलांचे थर पोटाला बांधले आणि गेलो. खिडकीचं माप घ्यायला खोलीत शिरलो, तर आत माणसं बसलेली. पोस्टमन होता, त्याची सायकल दाराला टेकलेली. पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या, केस अजून ओले. आणखी एक-दोन जण. मी म्हटलं, नंतर येतो. सिस्टर म्हणाल्या, यांनाही पडद्याचंच काम आहे, बसा.

पोस्टमननं मला खालून वर बघितलं. त्याच्या नजरेनं टॉवेल ओळखले. म्हणाला, “मास्तर, मी पण आधी टॉवेलच बांधायचो. माझे फुलाफुलांचे होते. तुमचे?” आणि मी, भर माणसांत, रडायला लागलो. कुणी गप्प बसा म्हटलं नाही. पोहणाऱ्या बाईंनी त्यांचा कोरडा टॉवेल पुढे केला आणि म्हणाल्या, “घ्या, हा तोंडासाठी.”

मी त्या खोलीत पडद्याचं माप घ्यायला गेलो आणि सिस्टरांनी माझंच माप घेतलं. बसा. उभे राहा. वाका. घडी कुठे पडते ते बोटानं चाचपलं, घडीत भरायची पेस्ट दाखवली, फुगीर कडेची चकती दिली, पट्टा दिला. चकतीला छिद्र कापायला कात्री माझ्याच हातात दिली. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. पोस्टमन म्हणाला, “पडदा असाच शिवू नका म्हणजे झालं.” नंतर जमायला लागलं. पुन्हा ऑपरेशन करून जागा बदलता येते असंही त्या म्हणाल्या, पण माझी तब्येत तितकी उरली नव्हती. मग मी स्वतःसाठी उंच कमरेच्या सैल पँटी शिवल्या, त्यांना गॅलिस, म्हणजे खांद्यावरून घ्यायचे पट्टे, लावले. बाजारातले लोक हसले. हसू देत. मी जेवायला लागलो. मशीनवर बसायला लागलो. माळा सोडला. पोस्टमन अजून सायकलवर टपाल वाटतो, बाई अजून पाण्यात उतरतात, आणि त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाला काही माहीत नाही. म्हणजे नव्हतं. आता झालं. बाई, माफ करा, मला राहवलं नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘आवरते घ्यावे.’ घेतो. थोडंच राहिलंय, पण तेच महत्त्वाचं आहे.

परवा डॉक्टरसाहेबांनी माझ्या मुलीला धीर देताना सांगितलं, की पिशवी लावून लोक विमानानं फिरतात, डोंगर चढतात. खरं आहे ते. ती म्हणाली, “माझे बाबा दुकानातून घरापर्यंत येत नव्हते.”   मी ते खोडून काढलं नाही. कारण तिनं जे पाहिलं ते तिनं पाहिलंच आहे. मी आज सगळं छान आहे म्हटलं तर ती हसेल. अजूनही कधीतरी कड उचलते. गेल्याच महिन्यात उचलली, तिच्या देखत. तिनं मला नवीन पँट काढून दिली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं ऑपरेशनला नाही म्हटलं.

म्हणून मी इथे उभा आहे. मला दुसरा उपाय राहिलेला नाही हो. घरी बोललो तर ती दार लावते. इथे, तुमच्या सगळ्यांच्या समोर, ती मला निदान थोडा वेळ तरी थांबवू शकत नाही. बापानं मुलीला असं कोंडीत पकडू नये, हे मला कळतं. ती मला याची माफी देणार नसेल तर नको देऊ दे. जिवंत राहून नको देऊ दे.

बटण, ऐक. तू जे पाहिलंस ते पिशवीचं नव्हतं. ते पुसलेल्या खुणेचं होतं. दुकानातला तो वास, माझा माळा, तू सांगितलेला तो उंदीर, हे सगळं त्या एका ठिपक्याच्या नसण्यामुळे झालं. तुझ्या काकानं प्रेमानं पुसला, म्हणून. तो ठिपका जागेवर असता तर काय झालं असतं हे तू माझ्यात पाहिलंच नाहीस, कारण मीही ते पाहिलेलं नाही. ते पोहणाऱ्या बाईंना विचार. पोस्टमनकाकांना विचार. त्यांचे ठिपके सिस्टरांनी काढले आणि कोणी पुसले नाहीत. माझ्याकडे बघून ठरवू नकोस. मी चुकलेला नमुना आहे, मला बघून कपडा कापू नकोस.

आणि सिस्टर अजून आहेत. संध्याकाळपर्यंत आहेत. किल्ली अजून त्यांच्या पर्समध्ये आहे. मी मघापासून त्या पर्सकडेच बघतोय. उद्यापासून त्या इथे भेटीच्या वेळेत येणाऱ्या पाहुण्या असतील. आमचं मंडळ त्या खोलीऐवजी आमच्या दुकानाच्या माळ्यावर भरेल, ते मी ठरवलंय, सोबतीला आम्ही सगळे आहोत, अर्ध्या हाकेला येऊ. पण सोबत आम्ही करू, खूण आम्हाला येत नाही. ती त्यांनाच येते. आज.

ती उठली.

नाही, नाही, कृपया मागे बघू नका. हात जोडतो. तिची आई तिचा हात धरते आहे. सोड, जाऊ दे तिला, धरू नकोस. मीच शब्द मोडला, तिनं तिचा पाळला.

दार वाजलं ते ऐकलंत. गेली.

मला दोन मिनिटं द्या. पाणी... नको, ठीक आहे. माईक सोडून मी तिच्या मागे धावू शकत नाही. धावलो तर ती पळेल, मला माझी मुलगी माहीत आहे. मला इथून, तुमच्या डोक्यांवरून, मागच्या खिडक्यांतून अंगण दिसतं. ती नळापाशी थांबली आहे. उजवीकडे गेली तर फाटक, डावीकडे सिस्टरांची खोली. फाटकाबाहेर गेली तर मग मला माहीत नाही.

सिस्टर, तुम्ही कुठे... सिस्टर व्यासपीठावरून उतरल्या आहेत. तुमचा सत्कार अजून व्हायचाय, सिस्टर. बरं. जा. जा तुम्ही. फुलं खुर्चीवर राहू देत, पर्स तेवढी घ्या.

सत्काराच्या मानकरी उठून गेल्यावर भाषण कुणासाठी करायचं, हा प्रश्न मला पडला आहे. अध्यक्ष महोदय, मला खाली बसवू नका. मी बसलो तर मला ती खिडकी दिसणार नाही. मी आभार मानतो. आभार मानायला कुणाची हरकत नसते.

अधीक्षक महोदयांनी अध्यक्षपद स्वीकारलं, त्यांचे आभार. डॉक्टरसाहेब आले, त्यांचे आभार. सोमवारी ते असतीलच. ती आली तर. मेट्रनबाईंनी हे सभागृह मिळवून दिलं. सिस्टर नळापाशी पोचल्या आहेत. नुसत्याच उभ्या आहेत. बोलत नाहीत. त्या अशाच, आधी बोलत नाहीत. चहाची व्यवस्था ज्यांनी केली त्यांचे आभार, चहा गरम होता. माईकवाल्यांचे आभार, त्यांनी माझा आवाज फुटताना कमी केला, मला कळलं ते. फुलं आणणाऱ्या वॉर्डातल्या मावशींचे आभार. दादा, तुझे आभार. हो, तुझेच. इतकी वर्षं तू माझ्या सगळ्या पँटी तुझ्या हातानं धुतल्यास. त्या बाटलीत काय आहे ते मला नको सांगूस, पण तू धुतल्यास. रडू नकोस.

त्या चालायला लागल्या. दोघी. खांबाच्या आड गेल्या. आता मला दिसत नाही. खांबाच्या पलीकडून दोन्हीकडे जाता येतं.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल. झालंच आहे. घरातलं चव्हाट्यावर आणलं, पोहणाऱ्या बाईंचं गुपित फोडलं, अध्यक्षांचा खांदा काढला, मुलीला दिलेला शब्द भर सभेत मोडला. निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तीचे गुण सांगायचे असतात, मी त्यांचं शिक्षण, सेवा, बदल्या यातलं काहीच नीट सांगितलं नाही. त्यांना साधा निरोपसुद्धा दिला नाही. या सगळ्याला उदार मनानं माफ करा. माझ्या वयाकडे बघून करा, नाही तर माझ्या पोटाकडे बघून करा. आणखी कुणाचं नाव राहिलं का? राहिलं असेल तर सांगा, मी आभार मानतो, मी उभा आहे अजून...

फाटकाशी कोणी दिसत नाही.

दिवा लागला. सिस्टरांच्या खोलीतला. आणि आता... हो. पडदा ओढला गेला.

अध्यक्ष महोदय, मी खाली बसतो. आता तुम्ही सगळे मागे वळून बघितलंत तरी चालेल. बाहेरून काही दिसत नाही, तसाच शिवलाय मी तो.